सत्कार कुणाचा, कसा आणि कुठे? वाचकांचे प्रश्न

५ डिसेंबर म्हणजे आंतरराष्ट्रीय स्वयंसेवक दिन, आणि आपल्याकडे कोकणात त्याच्या मागेपुढेच जत्रा, पूजा, मंडळांचे कार्यक्रम सुरू होतात, म्हणून गावासाठी राबणाऱ्या माणसांच्या सत्काराबद्दल प्रश्न पाठवा असं मागच्या अंकात म्हटलं होतं. पत्रं, मेल, व्हॉट्सॲप असं सगळीकडून भरपूर आलं. बरेच प्रश्न एकसारखे होते, त्यातले सहा घेतलेत. नावं कुणाचीच छापत नाहीये, कारण लिहिलेलं सगळं गावातल्याच माणसांबद्दल आहे आणि प्रत्येकाला त्याच गावात राहायचंय.

गुहागर तालुक्यातून, ग्रामस्थ मंडळाचे सेक्रेटरी: ताई, मे महिन्यात आमच्या मंडळाची वार्षिक पूजा असते, मुंबईकर पण सगळे येतात. तेव्हा गावासाठी निःस्वार्थीपणे काम करणाऱ्यांचा सत्कार करायचं ठरलंय. नावं मागवली तर चाळीसच्या वर आली. त्यात देणगीदार आहेत, माजी पदाधिकारी आहेत आणि खरंच राबणारी पोरं पण आहेत. एकाला वगळलं तर अख्खी वाडी रुसते. मार्ग सांगा.

दादा, आधी देणगीदार वेगळे काढा. त्यांचे आभार मानायलाच हवेत, मुंबईहून पैसा येतो म्हणून देवळाचं छप्पर होतं, दगडी पायऱ्यांची पाखाडी होते, ओढ्यावरचा साकव होतो, यात काही वाद नाही. पण त्यांचं नाव पावतीवर येतं, फलकावर येतं, माईकवरून पण घेतलं जातं. त्याच साकवासाठी पाऊस लागायच्या आधी ज्यानं कामावर खाडे करून दगड वाहिले त्याचं नाव कुठेच येत नाही. दोघांना एका रांगेत उभं केलंत तर बघणारे रकमा मोजणार आणि दगड वाहणारा शेवटी उभा राहणार. देणगीदारांचे आभार आदल्या दिवशी माना, जेवणाच्या वेळी माना, पण ह्या कार्यक्रमात मिसळू नका.

आता चाळीस नावांचं. नावं "पाठवा" म्हटलं की ग्रुपवर जो जास्त दिसतो त्याचंच नाव येतं, ते साहजिक आहे. त्यापेक्षा प्रत्येक वाडीतले दोघं दोघं घ्या, त्यात एक तरी बाई हवीच, आणि त्यांना घरोघरी एकच प्रश्न घेऊन पाठवा: गेल्या वर्षभरात तुमच्या अडीनडीला कोण धावून आलं? चांगलं काम कोण करतं असं विचारू नका, तुमच्या दारात कोण आलं ते विचारा. म्हाताऱ्या माणसांना विचारा, एकट्या राहणाऱ्या बायकांना विचारा, ज्यांची मुलं मुंबईला आहेत त्यांना तर नक्की विचारा, कारण १०८ ला फोन कुणी लावला, गाडी वाडीपर्यंत येत नव्हती तेव्हा खालच्या रस्त्यापर्यंत डोलीतून कुणी उतरवलं, तालुक्याहून बीपीच्या गोळ्या कोण आणून देतं, पेन्शनच्या कामाला बँकेत सोबत कोण येतं, हे त्यांनाच माहिती असतं. अशानं तीच तीच पाच-सात नावं वेगवेगळ्या वाड्यांतून परत परत यायला लागतात. मग वाडी रुसायचा प्रश्न बराचसा आपोआप मिटतो, कारण नाव तुम्ही दिलेलं नसतं, त्यांच्याच घरातून आलेलं असतं.

आणि माझं सगळ्यात कळकळीचं सांगणं आता, हे कृपा करून मंडळाच्या मीटिंगमध्ये वाचून दाखवा. सन्मानपत्रावर "उल्लेखनीय सामाजिक कार्याबद्दल" असं लिहू नका. हे वाक्य कुणालाही लागू पडतं, म्हणून ते कुणाचंच होत नाही. काय केलं ते लिहा. उदाहरणार्थ असं: "श्रावणात पऱ्याला लोंढा आला आणि वरच्या वाडीचा रस्ता तुटला, तेव्हा दिवस भरलेल्या बाईला डोलीत घालून चौघांनी खाली आणलं, त्यात पुढच्या दांड्याला हे होते आणि पाण्यात पहिला पाय यांनी टाकला." एवढं वाचून दाखवलंत की ती बाई तिथे बसलेली असते, तिचं मूल मांडीवर असतं, तिच्या सासूला ती रात्र आठवते, आणि त्यानंतर पाहुण्यांच्या भाषणाची गरजच राहत नाही. सन्मान म्हणजे तू काय केलंस ते आम्ही नीट बघितलं एवढं त्या माणसाला कळणं, आणि त्यासाठी नेमकं लिहावंच लागतं. लिहायला वेळ लागतो, चार जणांना विचारावं लागतं, म्हणून तर सगळे छापील मजकूर घेतात. तुम्ही घेऊ नका.

अजून एक, याला पैसे लागत नाहीत. २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबरला ग्रामसभा असते. त्यात अभिनंदनाचा ठराव मांडा, सूचक-अनुमोदक घाला, आणि काम काय केलं ते ठरावातच लिहायला ग्रामसेवकांना (आता त्यांना ग्रामपंचायत अधिकारी म्हणतात) सांगा म्हणजे ते इतिवृत्तात जाईल. मोमेंटो कपाटात धूळ खात पडतो, ग्रामपंचायतीच्या दप्तरातली नोंद राहते, आणि पुढे त्या माणसासाठी सरकारी पुरस्काराचा प्रस्ताव करायचा झाला तर हाच कागद पहिल्यांदा कामाला येतो.

मालवण तालुक्यातून एक सूनबाई: आमच्या वाडीत एक काकी आहेत. कुणाकडे मयत झालं की त्या घरात चूल पेटत नाही, तर पहिली पेज यांच्याकडून जाते. बाळंतिणीकडे याच, आजाऱ्याकडे याच. आम्ही बचत गटातून सत्कार ठरवला तर म्हणतात, "माका नको गो तां, मियां काय मोठा केलंय?" ऐकतच नाहीत. गुपचूप कार्यक्रम ठेवून सरप्राइज देऊ का?

नाही, सरप्राइज देऊ नका. ज्या बाईनं आयुष्यभर दुसऱ्याची अडचण न सांगता ओळखली तिला स्टेजवर सगळ्यांसमोर अडचणीत टाकायचं, हे बरं दिसत नाही. त्या नको म्हणतात ते मनापासून म्हणतात असं धरून चाला.

पण नको म्हणाल्या म्हणून सोडून पण देऊ नका. त्यांच्याकडे जाऊन बसा आणि एवढंच विचारा की काकी, यातलं कुठलं काम आता जड जातं. मला जवळपास खात्री आहे की काहीतरी निघेल, गुडघे दुखत असतील, रात्री पाणंदीतून बॅटरी घेऊन एकटं जायला नको वाटत असेल, घरातला तांदूळ दरवेळी स्वतःचाच जात असेल आणि हे त्या कधी बोलणार नाहीत. बचत गटातून पाच किलो तांदूळ आणि कुळीथ कायम त्यांच्या घरी ठेवा, असल्या वेळेसाठी म्हणूनच, संपला की परत भरा. गटातल्या दोघी जणी पाळीनं त्यांच्याबरोबर जायला लागा. मयताच्या घरात किती बोलायचं, कधी गप्प बसायचं, लहान पोरांना आधी कसं खाऊ घालायचं हे त्यांच्या मागे राहूनच शिकता येतं. आणि त्यांच्यानंतर हे काम बंद पडणार नाही हे त्यांना डोळ्यांनी दिसलं तर त्याहून मोठा मान त्यांना कुठली शाल देणार आहे?

सरकारनं २०२३ पासून ग्रामपंचायतींमार्फत पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकर यांच्या नावानं ३१ मेला, त्यांच्या जयंतीला, महिला आणि बालकल्याणात काम करणाऱ्या दोन महिलांचा सन्मान करायची पद्धत सुरू केलीये. पुढेमागे काकी तयार झाल्या तर सरपंचांशी बोलून ठेवा, त्यात मंडळ-गट असलं राजकारण कमी आडवं येतं.

राजापूर तालुक्यातून: आमच्याकडे सत्काराच्या वेळी बाईमाणसाला हळद-कुंकू लावून ओटी भरतात. यंदा ज्या ताईंचा सत्कार आहे, कोविडमध्ये त्यांनी घरोघर जाऊन काम केलंय, त्यांचे मिस्टर वारले आहेत. काही जाणती मंडळी म्हणतात की त्यांना नुसतं फूल द्या. काय करावं?

ओटी भरा. बाकीच्यांची भरताय तशीच, त्याच ताटातून, त्याच हातानं. त्या ताईंना आधी एकट्यात विचारा की तुम्हाला चालेल ना, आणि त्या हो म्हणाल्या तर मग दुसऱ्या कुणाला विचारायची गरज नाही. आणि त्यांना नको असेल तर त्या दिवशी कुणाचीच ओटी भरू नका, सगळ्यांना फूल आणि पुस्तक द्या. एकीला वेगळं वागवायचं आणि त्याला सत्कार म्हणायचं हे मला अजिबात पटत नाही. जाणत्या मंडळींना सांगा की कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीनं मे २०२२ मध्ये विधवा प्रथा बंदीचा ठराव केला आणि त्याच महिन्यात राज्य सरकारनं परिपत्रक काढून बाकीच्या ग्रामपंचायतींना तोच कित्ता गिरवायला सांगितलं. म्हणजे तुम्ही काही जगावेगळं करत नाही आहात.

चिपळूणहून: २२ जुलै २०२१ च्या पुरात आमच्या बिल्डिंगमधल्या माणसांना जवळच्या खाडीपट्ट्यातल्या पोरांनी होडी आणून काढलं. त्यात माझे वडील होते, चालता न येणारे. त्या पोरांचा आजपर्यंत कुणी साधा सत्कार केला नाही. त्यांना सरकारी पुरस्कार मिळावा म्हणून आम्ही काय करू शकतो?

तुमचं पत्र दोनदा वाचलं. त्या दिवशी वाशिष्ठी आणि शिवनदीचं पाणी बाजारपेठेत शिरलं, तळमजले बुडाले, वर अडकलेल्यांना किती तरी तास ना लाईट ना पिण्याचं पाणी, आणि सरकारी पथकं पोचायच्या आधी बऱ्याच ठिकाणी पहिली होडी आली ती आजूबाजूच्या माणसांचीच. पुराच्या पाण्यात गल्लीतून होडी घालणं खाडीत होडी चालवण्यासारखं नसतं. खाली बुडालेल्या गाड्या असतात, कंपाउंडच्या भिंती, गेटचे भाले, वरून लोंबणाऱ्या वायरी, आणि दोन बिल्डिंगच्या मधून पाण्याला एकदम ओढ लागते. हे सगळं त्यांनी तुमच्या वडिलांना घेऊन केलं.

जीव वाचवणाऱ्या नागरिकांसाठी केंद्राचं जीवन रक्षा पदक आहे, १९६१ पासून दिलं जातं, सर्वोत्तम, उत्तम आणि जीवन रक्षा पदक अशा तीन पायऱ्या आहेत. बुडणाऱ्याला वाचवणं, आग, दरड, अपघात, विजेचा धक्का हे सगळं त्यात बसतं, आणि वाचवताना जीव गेला असेल तर मरणोत्तर पण देतात. प्रस्ताव जिल्हाधिकारी कार्यालयातून राज्याकडे आणि तिथून केंद्रीय गृह मंत्रालयाकडे जातो. पण घटनेनंतर साधारण दोन वर्षांच्या आत तो जावा लागतो, त्यामुळे २०२१ च्या पुरासाठी ही वाट आता बंद झाल्यासारखीच आहे. वाईट वाटतं लिहायला. कोकणात दर पावसाळ्यात असं कुणीतरी कुणाला तरी वाचवतं आणि मुदत संपल्यावर आपल्याला पदकाची आठवण होते. म्हणून बाकीच्या वाचकांना सांगते, घटना घडल्यावर महिन्याभरात तारीख, वेळ, जागा, वाचलेल्यांचे सहीचे जबाब, पोलीस ठाण्यातली किंवा तहसीलमधली नोंद, पेपरातलं कात्रण असेल तर ते, एवढं सगळं एका फाइलला लावून ठेवा. प्रस्ताव नंतर करा हवं तर, पण कागद तेव्हाच गोळा होतात.

तुमच्या पोरांसाठी दुसऱ्या वाटा आहेत. त्यांनी त्यानंतर पण काम चालू ठेवलं असेल तर जिल्हा युवा पुरस्कार बघा, जिल्हा क्रीडा अधिकारी कार्यालयातून अर्ज मागवतात, वय १३ ते ३५, एक युवक, एक युवती आणि एक नोंदणीकृत संस्था निवडतात. हायवेवरच्या अपघातात कुणी धावून जात असेल तर त्यासाठी केंद्राची राह-वीर योजना आहे, गंभीर जखमीला पहिल्या तासाभरात दवाखान्यात पोचवणाऱ्याला आता २५ हजार रुपये मिळतात, पूर्वी ५ हजार होते. मुंबई-गोवा हायवेला लागून असलेल्या गावांनी हे माहिती करूनच घ्यायला हवं. आणि मदत करणाऱ्याला पोलीस नाव सांगायची सुद्धा सक्ती करू शकत नाहीत, मोटार वाहन कायद्यात २०१९ च्या दुरुस्तीनं तसं संरक्षण आलंय. लोक अजून त्या भीतीनंच गाडी थांबवत नाहीत.

आणि आयुष्यभराचं काम असेल तर पद्म पुरस्कारासाठी सुद्धा कुणीही नागरिक कुणाचंही नाव सुचवू शकतो, ऑनलाइन, फी नाही, कामाबद्दल जास्तीत जास्त ८०० शब्द लिहायचे असतात. आपल्याला वाटतं तिथे मोठ्या शहरातल्यांचीच नावं जातात, पण पिंगुळीच्या परशुराम गंगावणेंना चित्रकथी आणि कळसूत्री जपण्यासाठी २०२१ ला पद्मश्री मिळाली, आणि महाडकडच्या विंचूदंशाच्या पेशंटवर आयुष्यभर काम करणाऱ्या डॉ. हिम्मतराव बावस्करांना २०२२ ला. कुणीतरी बसून ते नाव कागदावर आणलं, तेव्हाच ते पुढे गेलं.

पण सरकार जे देईल ते देईल, तुमच्या बिल्डिंगनं काय दिलं? येत्या २२ जुलैला त्या पोरांना घरच्यांसकट जेवायला बोलवा. कोण कुठल्या मजल्यावर होतं, होडी कुठल्या गॅलरीला लावली, वडिलांना खुर्चीसकट कसं उतरवलं, हे सगळ्यांनी सांगा आणि एक जण लिहून काढा. त्याखाली वाचलेल्या प्रत्येकाची सही घ्या. फ्रेम करून त्यांना द्या. इतकी वर्षं उशीर झाला म्हणून लाजू नका, सरकारला मुदत असते, तुम्हाला नाही.

दापोली तालुक्यातून, वय २४: मी किनाऱ्यावर कासवांच्या घरट्यांचं काम करतो. थंडीत पहाटे उठून किनारा फिरावा लागतो. मानधन थोडं असतं, ते पण उशिरा येतं. दरवर्षी कासव महोत्सवात आम्हाला स्टेजवर बोलावून फूल आणि सर्टिफिकेट देतात. घरचे म्हणतात सर्टिफिकेट घेऊन काय करतोस. मला ते आवडतं पण, आणि राग पण येतो. चूक आहे का माझं?

तुझं काहीच चूक नाही रे. दोन्ही वाटणं बरोबर आहे, कारण मान वेगळा आणि मानधन वेगळं. एकाची भरपाई दुसऱ्यानं करता येत नाही, आणि सर्टिफिकेट देऊन मानधनाचा उशीर झाकला जात असेल तर राग यायलाच हवा. ज्यांच्याकडून मानधन येतं त्यांना तुम्ही सगळ्या कासवमित्रांनी मिळून लेखी द्या, एकट्यानं बोलू नकोस, कुठल्या महिन्याचं कधी आलं त्याच्या तारखा घाला आणि भाषा साधी ठेवा.

आता तुझ्या घरच्यांसाठी लिहिते, त्यांना हा भाग वाचून दाखव. पहाटे अंधारात किनाऱ्यावर कासविणीच्या पायांचा माग बघत चालायचं, भरतीनं पुसायच्या आत तो दिसला पाहिजे. माग जिथे वळतो तिथे काठीनं वाळू हलकेच चाचपायची, मऊ लागली की हातानं उकरायचं, दीडेक फूट खाली शंभरच्या आसपास अंडी असतात, कधी त्याहून बरीच जास्त. ती एकेक उचलताना फिरवायची नाहीत, आहे त्या बाजूनंच ठेवायची, नाहीतर आतला जीव दगावतो. मग कुंपणातल्या हॅचरीत, म्हणजे अंडी उबायला ठेवायच्या जागेत, तसाच खड्डा, तेवढाच खोल, आणि पुढे दीड-दोन महिने कोल्हे, कुत्री, खेकडे यांच्यापासून राखण. वेळासला २००२ मध्ये चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्रनं हे काम गावाला हाताशी धरून सुरू केलं, तेव्हा अंडी खाण्यासाठी आणि विकण्यासाठी काढून नेली जायची. आज त्याच किनाऱ्यावर पिल्लं समुद्रात जाताना बघायला लांबून लांबून माणसं येतात, गावात घरोघरी पर्यटक राहतात, चार पैसे येतात. ते पैसे तुझ्यासारख्याच्या पहाटेवर उभे आहेत. हे गावातल्या घरगुती राहण्या-जेवणाची सोय करणाऱ्यांनी मनावर घेतलं तर दर पर्यटकामागे थोडे पैसे बाजूला काढून कासवमित्रांचा स्थानिक निधी सहज उभा राहील. महोत्सवाच्या मीटिंगमध्ये हे मांड. आणि स्टेजवर बोलावतील तेव्हा फूल घे, मग माईक पण माग आणि त्या सीझनची घरटी किती, पिल्लं किती सोडली ते तुझ्या तोंडानं सांग.

मुरूडहून, तरुण मंडळ: निसर्ग चक्रीवादळात रस्त्यावर पडलेली झाडं कापण्यापासून आमची पोरं प्रत्येक आपत्तीत पुढे असतात. बारा जणांचा सत्कार आहे, बजेट कमी आहे. ट्रॉफी देऊ की रोख?

दोन्ही नको. ३ जून २०२० ला वादळ तुमच्याच पट्ट्यावर आदळलं, तेव्हा काय कमी पडलं ते त्या बारा जणांनाच विचारा. हातमोजे, चांगला दोर, हेडलाईटची बॅटरी, गमबूट, झाडं कापायची मशीन दुरुस्त करून आणणं, यातलंच काहीतरी सांगतील. ते घ्या, आणि त्यावर मंडळाचं नाही तर त्यांचं नाव घाला. आपदा मित्र, म्हणजे आपत्तीत मदत करणारे स्वयंसेवक, म्हणून प्रशिक्षण घ्यायचं असेल तर जिल्हा आपत्ती व्यवस्थापन कक्षात नावं देऊन ठेवा, बॅच कधी आहे ते तिथे कळेल.

आणि विमा. प्रत्येकाच्या बँकेत प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजनेचा फॉर्म भरून द्या, वय १८ ते ७०, वर्षाला फक्त २० रुपये, अपघाती मृत्यू किंवा कायमचं पूर्ण अपंगत्व आलं तर २ लाख. ५० वर्षांच्या आतल्यांना प्रधानमंत्री जीवन ज्योती विमा योजनेचा फॉर्म पण भरता येतो, ४३६ रुपये, त्यात कुठल्याही कारणानं मृत्यू आला तरी घरच्यांना २ लाख. पैसे ज्याच्या त्याच्या खात्यातूनच कापले जातात, त्यामुळे मंडळानं तेवढी रक्कम त्यांच्या हातात द्यायची आणि फॉर्म बँकेत गेला की नाही ते एकानं पाठपुरावा करून बघायचं. दोन्ही योजनांचं वर्ष १ जून ते ३१ मे असतं, म्हणजे पावसाळ्याच्या तोंडावरच, तेव्हा मेच्या शेवटच्या आठवड्यात सगळ्यांच्या खात्यात तेवढे पैसे आहेत ना हे दरवर्षी बघत जा.